घरातल्या आठवणी लिहिताना: 'पूर्वी' या एका शब्दावर भागवू नका

आत्या कोथिंबीर निवडत बसली होती आणि मी वही घेऊन समोर. पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराचा विषय निघाला. ती म्हणाली, "पानशेत फुटलं तेव्हा मी नुकती साडी नेसायला लागले होते. त्याच्या जरा आधी धोंड्याचा महिना झाला. माईचा लग्नानंतरचा पहिलाच धोंडा, म्हणून जावयाला चांदीची वाटी दिली होती. तेवढी वाटी राहिली बघ, माईच्या सासरी गेली होती म्हणून. बाकी सगळं नदीनं नेलं."

मी वहीत लिहिलं: "पूर्वी घरात चांदीची वाटी होती. ती जावयाला दिली."

महिन्याभरानं वही उघडली आणि चुटपुट लागली. आत्यानं एका दमात तीन खुणा दिल्या होत्या: तिचं स्वतःचं वय, धोंड्याचा महिना आणि पूर. कशाच्या आधी काय झालं हेही सांगितलं होतं. मी ते सगळं एका 'पूर्वी'त गुंडाळून टाकलं होतं.

जुन्या माणसांना साल आठवत नाही असं आपण धरून चालतो. पण त्यांचं बोलणं नीट ऐकलं तर त्यात काळ फार नेमका असतो, फक्त तो आकड्यांत नसतो. तो 'मघाशी', 'परार साल', 'थोरला अंगावर होता तेव्हा', 'जायचो', 'गेलो होतो' अशा शब्दांत असतो. घरातल्या आठवणी लिहून ठेवायच्या असतील तर हे शब्द ओळखता आले पाहिजेत आणि लिहिताना ते जपता आले पाहिजेत. मी गेली काही वर्षं हे काम करते आहे. त्यातून जी पद्धत बसली ती इथे मांडते.

पायरी १: शब्द जसाच्या तसा उतरवा, साल बाजूला

वहीच्या पानाला उभी रेघ मारा. डावीकडे माणूस जे बोललं ते त्याच्याच शब्दांत. उजवीकडे तुमचा हिशोब: साल, वय, शंका. फोनवर रेकॉर्डिंग जरूर करा, पण वही सोडू नका. दोन तासांचं बोलणं पुन्हा ऐकायला दोन तासच लागतात, आणि ते बहुतेक वेळा राहूनच जातं.

डाव्या बाजूची भाषा धुऊन-पुसून घेऊ नका. घाटावरची आजी 'तवा', 'जवा', 'आगुदर' म्हणेल, वऱ्हाडातले आजोबा 'मांगं', 'पयले' म्हणतील. 'औंदा' म्हणजे यंदा, 'गुदस्ता' म्हणजे गेल्या वर्षी, 'परार साल' म्हणजे त्याच्याही मागचं वर्ष. 'गुदस्ता' मूळ फारसी. मराठेशाहीतल्या कागदांत तो 'गुदस्त' म्हणून भेटतो. तोच शब्द तुमच्या आजीच्या तोंडी अजून जिवंत असेल, तर तो खोडून 'मागील वर्षी' लिहिणं म्हणजे घरातलं जुनं भांडं मोडीत काढणं.

विचारताना "कोणतं साल होतं?" हा प्रश्न टाळा. माणूस गांगरतो, नाहीतर काहीतरी ठोकून देतो, आणि एकदा आकडा तोंडातून गेला की पुढच्या वेळी तोच खरा म्हणून सांगितला जातो. त्यापेक्षा असं विचारा: तेव्हा घरात कोण कोण होतं? कुणाचं लग्न व्हायचं होतं? तुझ्या कडेवर कोण होतं? घरात दिवे होते की कंदील? पाणी विहिरीचं की नळाचं? तू कितवीत होतीस? या प्रश्नांना उत्तरं येतात, आणि ती सहसा चुकत नाहीत.

पायरी २: खुंट शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. ज्याची तारीख पक्की आहे आणि जे सगळ्यांना आठवतं अशा घटनेला मी खुंट म्हणते. आठवण त्याला बांधायची.

पुण्याचा खुंट पानशेत: १२ जुलै १९६१. सातारा, कऱ्हाड, चिपळूणकडे कोयनेचा भूकंप: ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मराठवाड्यात दोन मोठे खुंट: रझाकार आणि 'पोलीस ॲक्शन', म्हणजे सप्टेंबर १९४८, आणि किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. गोव्यात 'पोर्तुगीज असताना' आणि 'मुक्तीनंतर' अशी दोन भागांतच आठवण पडते, मधली तारीख १९ डिसेंबर १९६१. सगळीकडे चालणारे: गांधीवध (३० जानेवारी १९४८), महाराष्ट्र राज्य झालं तो १ मे १९६०, चीनची लढाई (ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२), बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी (२५ जून १९७५ ते मार्च १९७७). आजीनं तिच्या आजीकडून ऐकलेलं असेल तर प्लेग आणि मानमोडी येते. पुण्यातल्या प्लेगचं गाजलेलं वर्ष १८९७, आणि मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ.

इथे एक शब्द सांभाळा. 'काळ पडला' असं कुणी म्हटलं तर त्याचा अर्थ दुष्काळ. "काळ पडला त्या साली आम्ही खडी फोडायला जायचो" हे शहरात वाढलेल्या नातवानं "काळ बदलला" असं उतरवलेलं मी पाहिलं आहे.

वस्तूही खुंटाचं काम करतात. 'भोकाचा पैसा' हातात घेतलेला आठवतो म्हणणाऱ्याची ती आठवण १९४३ च्या आधीची नाही, कारण मधे भोक असलेला तांब्याचा पैसा १९४३ ते १९४७ एवढ्याच वर्षांत पाडला गेला. तो पुढेही काही वर्षं हातात फिरत होता, म्हणून त्यावरून 'याच्या आधीचं नाही' एवढंच ठरतं. 'नवे पैसे' हा शब्द आला तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. त्या दिवशी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, आणि १९६४ मध्ये 'नवे' गळून नुसते पैसे राहिले. चवली (दोन आणे), पावली (चार आणे), अधेली (आठ आणे) या नावांवर मात्र विसंबू नका. नाणी गेली तरी बायका पंचवीस पैशांना 'पावली' म्हणतच राहिल्या. 'लाल मिलो खाल्ला' (मिलो म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी), 'सुकडी मिळायची' (सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेलं कोरडं खाणं) असं आलं की बहुधा बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस.

बायकांच्या बोलण्यात घरातले खुंट जास्त असतात, आणि ते मला बाहेरच्या खुंटांपेक्षा भरवशाचे वाटतात. परकर-पोलक्यात होते तेव्हा. न्हाण आलं त्या वर्षी. थोरल्याच्या वेळी दिवस होते. मधला रांगत होता. धाकटी अंगावर पीत होती. 'पाठचा भाऊ', 'त्याच्या पाठीवरची' या शब्दांवरून भावंडांचा क्रम लागतो आणि एकाची जन्मतारीख पक्की असली की बाकीच्यांची दोन-तीन वर्षांच्या आत बसते. फक्त शाळेच्या दाखल्यावरची तारीख डोळे झाकून घेऊ नका. त्या पिढीतल्या कित्येकांचा जन्म दाखल्यावर १ जूनचा आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वयाच्या अंदाजानं ती तारीख लावली. आईला विचारा, ती म्हणेल, "छे, हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा." पोळा म्हणजे श्रावणी अमावास्या. आता पंचांग उघडलं की तारीख मिळते.

सण आणि तिथी तर फारच कामाच्या. किल्लारीचा भूकंप आठवणारी माणसं 'गणपती विसर्जनाच्या रात्री' म्हणतात. १९९३ ची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरची होती आणि धरणी हलली ती त्यानंतरच्या पहाटे. तारीख विसरली तरी विसर्जन विसरलेलं नसतं.

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, साधारण तेहतीस महिन्यांनी येतो. जावयाला तेहतीस अनारसे द्यायची रीत आहे, त्यामुळे हा महिना घराच्या आठवणीत पक्का बसतो. तो दर वेळी वेगळ्या महिन्याला जोडून येतो, पण एकोणीस वर्षांनी बहुधा त्याच महिन्याला परत येतो: १९६१, १९८०, १९९९ आणि २०१८, चारही वर्षी अधिक ज्येष्ठ. आत्याच्या वाटीचा उलगडा मला इथेच झाला. अधिक ज्येष्ठ १९६१ च्या मे-जूनमध्ये होता आणि पानशेत फुटलं ते निज ज्येष्ठाच्या, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या ज्येष्ठाच्या, अमावास्येला. 'त्याच्या जरा आधी' हे तिचे शब्द महिन्याभराच्या फरकानं खरे निघाले, साठ वर्षांनंतर.

नाशिकचा सिंहस्थही बारा वर्षांनी येणारा खुंट आहे: १९८०, १९९१-९२, २००३-०४, २०१५-१६. सिंहस्थात लग्न करत नाहीत म्हणून घाईनं आधी उरकलेली किंवा पुढे ढकललेली लग्नं अनेक घरांत निघतात.

प्रत्येक आठवण दोन खुंटांच्या मधे बसवायची. "पानशेतनंतर, पण चीनच्या लढाईच्या आधी" एवढं मिळालं तरी सव्वा वर्षाच्या पट्ट्यात आलात. साल तंतोतंत मिळालं नाही म्हणून अडून बसू नका.

पायरी ३: शके, संवत, फसली उलगडा

जन्मपत्रिका, जुनी लग्नपत्रिका, देवळाच्या पायरीवरचा दगड, पितळी हंड्यावर घातलेलं नाव, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या: यांत इसवी सन बहुधा नसतो.

शके असेल तर गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ज्येष्ठ म्हणजे मे-जून, म्हणून ७८ मिळवून १६७४. पानिपत पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. इथे ७८ मिळवून १७६० लिहिलंत तर चुकलात; तो दिवस १४ जानेवारीचा, म्हणून ७९ मिळवून १७६१. पौषाशी जपून वागा, तो कधी डिसेंबरात सुरू होतो, कधी जानेवारीत. अशा वेळी त्या वर्षाचं पंचांगच पाहावं लागतं. संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर तेही ताडून बघा. साठ नावांचं चक्र आहे, त्यामुळे शकाचा एखादा आकडा पुसट असला तर नावावरून तो पक्का करता येतो.

विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढचा संवत लागेपर्यंत ५६. गुजरात-मारवाडशी नातं असलेल्या घरांत 'छप्पनिया'चा दुष्काळ निघतो. तो १९५६ सालचा समजू नका. तो संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००.

मराठवाड्यातल्या निजामकाळच्या जमिनीच्या कागदांवर फसली सन, म्हणजे पिकांवर बेतलेलं सरकारी वर्ष, दिसतो. त्यात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ५९१. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी दिसली की कागद निजामाच्या राज्यातला.

शतक आणि दशकाबद्दल एकच सांगते. १७६१ हे अठरावं शतक. आणि १९६० ते १९६९ ला 'सहावं दशक' लिहू नका, मोजणीनं ते सातवं ठरतं. 'साठच्या दशकात' लिहिलं की गोंधळ मिटतो.

पायरी ४: 'पूर्वी'च्या जागी नेमका शब्द

'पूर्वी' हा शब्द वाईट नाही, पण तो कशालाही चालतो आणि म्हणूनच काही सांगत नाही. लिहून झाल्यावर मजकुरातला प्रत्येक 'पूर्वी' शोधा आणि स्वतःला विचारा: किती पूर्वी? कशाच्या पूर्वी?

'आधी' ला टेकू लागतो. "पुराच्या आधी", "लग्नाच्या आधी". टेकू न देता "आधी आम्ही तिथे राहायचो" म्हटलं तर ऐकणारा 'नंतर कुठे?' याची वाट पाहतो. 'पूर्वी' एकटा उभा राहू शकतो: "पूर्वी इथे ओढा होता." 'अगोदर' हा 'आधी'चाच भाऊ, बोलण्यात जास्त.

'मागे' वेगळा आहे. "मागे एकदा तुझे बाबा आले होते" यात बोलणाऱ्याचं स्वतःचं आयुष्य आहे आणि काळ फार लांबचा नाही. 'मागे एकदा शाहिस्तेखान पुण्यात आला होता' असं कुणी म्हणत नाही. म्हणून मुलाखतीत 'मागे' ऐकलं की उजव्या रकान्यात लिहा: स्वतः अनुभवलेलं.

'मघा', 'मघाशी' हे आजच्या दिवसात संपतात. रात्री झोपून उठलात की तो 'मघा' राहत नाही, 'काल' होतो. हिंदीच्या 'कल'सारखा आपला 'काल' दोन्हीकडे जात नाही, तो नेहमी मागचाच. 'परवा' आणि 'तेरवा' मात्र दोन्हीकडे चालतात आणि क्रियापदावरून कळतात: परवा आला, परवा येईल. मोठ्या माणसांच्या तोंडचा 'परवा' आणखी ताणलेला असतो. "परवा-परवापर्यंत नळ नव्हता गावात" यातला परवा पंधरा वर्षांचाही असू शकतो. तिथे 'दोन दिवसांपूर्वी' असं उतरवलंत तर सगळंच फसलं.

'गेली दहा वर्षं', 'गेल्या दहा वर्षांत', 'दहा वर्षांपूर्वी' हे तीन अदलाबदल करून वापरले जातात, ते थांबवा. गेली दहा वर्षं ती इथे राहते, म्हणजे अजूनही राहते. गेल्या दहा वर्षांत तिनं तीन घरं बदलली, म्हणजे त्या मुदतीत. दहा वर्षांपूर्वी ती इथे आली, म्हणजे एक क्षण. माणूस जाण्याबद्दल मराठीत आपण "त्यांना जाऊन दहा वर्षं झाली" म्हणतो. त्यात साल येत नाही, म्हणून बोलणं कोणत्या तारखेचं ते पानावर वर लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या पिढीला ती दहा वर्षं कुठून मोजायची ते कळणार नाही.

'एकेकाळी' म्हटलं की आता तसं नाही हे ओघानं येतं. 'त्या काळी' मागे ज्याची गोष्ट चालली आहे त्या काळाला बांधलेला. 'कोणे एके काळी' आणि 'आटपाट नगर' कहाणीसाठी ठेवा. 'पूर्वापार', 'वाडवडिलांपासून', 'पिढीजात' हे जे चालत आलं त्यासाठी. एकदाच घडलेल्या गोष्टीला ते लावू नयेत. आणि 'अर्वाचीन' म्हणजे फार जुनं नव्हे. अर्वाचीन म्हणजे अलीकडचं, प्राचीनच्या उलट. 'प्राचीन-अर्वाचीन' अशी जोडी कानावर पडून पडून पुष्कळांना दोन्हींचा अर्थ एकच वाटायला लागला आहे.

पायरी ५: क्रियापदाकडे बघा

कालवाचक शब्द सगळे चुकले तरी एक वेळ चालेल, पण क्रियापद चुकलं की आयुष्यच बदलतं. हे चार बघा:

आजोबा पहाटे विहिरीवर गेले.
आजोबा पहाटे विहिरीवर जात होते.
आजोबा पहाटे विहिरीवर जायचे.
आजोबा पहाटे विहिरीवर गेले होते.

पहिल्यात एक दिवस आहे, एक खेप आहे. दुसऱ्यात आजोबा वाटेत आहेत आणि आता काहीतरी घडणार आहे. तिसऱ्यात सगळं आयुष्य आहे, रोजची पहाट. चौथ्यात आजोबा घरात नव्हते, आणि त्यामुळे पुढे जे झालं ते त्यांच्या पाठीमागे झालं.

व्याकरणात तिसऱ्याला रीतिभूतकाळ म्हणतात. आठवणींची भाषा मुख्यतः हीच, आणि मराठीत तिच्या तीन तऱ्हा आहेत. बोलण्यातली: आई पहाटे उठायची, सडा घालायची. लिहिण्यातली: आई पहाटे उठत असे, सडा घालत असे. आणि जुनी, आखूड: आई पहाटे उठे, सडा घाली, चूल पेटवी. आदरार्थी अनेकवचनात ही आखूड तऱ्हा 'आजोबा उठत, जात, म्हणत' अशी होते. तिन्ही शुद्ध आहेत. माझी सवय अशी: कुणाच्या तोंडचं असेल तिथे '-यची', माझं निवेदन असेल तिथे 'त असे', आणि आखूड रूप अगदी मोजकं, जिथे दिवसभराची कामं भराभर एकामागून एक सांगायची असतात तिथे. तिन्ही एका परिच्छेदात मिसळली की वाचणाऱ्याला ठेचा लागतात.

सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे जिथे-तिथे 'होता'. "१९५८ साली आजोबा पुण्याला आले होते. त्यांनी मंडईत गाळा घेतला होता. त्यांनी तिथे वीस वर्षं काढली होती." प्रत्येक 'होते'ला वाचणारा थांबतो: बरं, मग काय झालं? आणि होत काहीच नाही. ते असं लिहा: "१९५८ साली आजोबा पुण्याला आले. मंडईत गाळा घेतला. वीस वर्षं तिथे काढली." 'होते' राखून ठेवा, जिथे त्याच्यावाचून चालत नाही तिथे वापरा: "पाणी शिरलं तेव्हा आजोबा मंडईत गेले होते, म्हणून वाचले."

नकारातही तेवढाच फरक आहे. "आम्ही हॉटेलात जायचो नाही" ही घरची शिस्त. "गेलो नाही" हा एका दिवसाचा बेत. "तोवर आम्ही हॉटेलात गेलो नव्हतो" यात पुढे एकदा गेल्याची गोष्ट येणार आहे. रेकॉर्डिंग उतरवताना हे तीन एकमेकांच्या जागी पडले तर घराची रीत बदलते.

आणि वर्तमानकाळात इतिहास सांगायची वर्तमानपत्री लकब, "१९६१ साली आत्या शाळा सोडते आणि...", घरच्या आठवणींत आणू नका. मोठी माणसं तशी बोलत नाहीत.

पायरी ६: पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं

मराठीला 'म्हणे' हा फार प्रामाणिक शब्द मिळाला आहे. "पणजोबांनी म्हणे दोन एकर जमीन एका बैलजोडीवर दिली." सांगणारा स्वतःहून सांगतो आहे की हे मी पाहिलेलं नाही. लिहिताना आपण वाक्य सफाईदार करायला जातो आणि पहिला घाव 'म्हणे'वर घालतो. तो राहू द्या. उलट "मी पाहिलेलं आहे" यातला '-लेलं' म्हणजे साक्ष आहे; तिथे नुसतं "पाहिलं" करू नका. 'सांगतात', 'ऐकिवात आहे', 'आमचे थोरले सांगायचे' यांनाही आपापली जागा आहे. आमचे थोरले सांगायचे, यात सांगणारा कोण ते तरी कळतं. 'सांगतात' मध्ये तेही नाही, म्हणून विचारून घ्या: कोण सांगायचं?

पायरी ७: माणसं आणि गावं

ज्या सालाची गोष्ट चालली आहे, त्या सालात माणूस पदावर असेल तर 'तत्कालीन'. पानशेतच्या वेळचे तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. तिथे 'माजी' चूक, कारण तेव्हा ते मुख्यमंत्री होतेच. 'माजी' आजच्या जागेवरून बघतो, 'तत्कालीन' त्या दिवसाच्या जागेवरून.

'कै.' वंशावळीत एकदा लिहा आणि थांबा. "१९५८ साली कै. आजोबा पेरणीला गेले" हे वाचवत नाही, गोष्टीत ते जिवंत आहेत. बाईचं माहेरचं नाव सांगायला 'पूर्वाश्रमीच्या' लिहितात, मला त्यापेक्षा 'माहेरच्या' हा सरळ शब्द आवडतो. जुन्या पत्रिकांतलं 'सौ.', 'गं. भा.' जसं छापलं आहे तसं उतरवा, कारण त्यावरून त्या तारखेला नवरा हयात होता की नाही हे कळतं. स्वतःच्या निवेदनात मात्र 'गं. भा.' मी लिहीत नाही.

गावाचं नाव त्या वेळचं द्या आणि आजचं एकदा सांगा. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये झाला; त्याआधीची सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात होती. लातूर जिल्हा १९८२ चा, त्याआधी ते उस्मानाबादेत, ज्याचं नाव आता धाराशिव. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. आणि नागपूरची आजी "आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो" म्हणाली तर ती बिऱ्हाड हलवल्याचं सांगत नाही. १९५६ पर्यंत विदर्भच मध्य प्रदेशात होता.

पायरी ८: लिहा आणि वाचून दाखवा

माझं वाटीचं वाक्य शेवटी असं झालं:

"१९६१ साली अधिक ज्येष्ठ आला. माईचं लग्न झाल्यावरचा हा पहिला धोंडा, म्हणून जावयाला घरातली चांदीची वाटी दिली. महिन्याभरात, १२ जुलैला, पानशेत फुटलं. आत्या तेव्हा नुकती साडी नेसायला लागली होती. घरातलं सगळं गेलं. वाटी माईच्या सासरी गेली होती, ती तेवढी राहिली. पुरानंतर ही मंडळी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची."

लिहून झालं की ज्याची आठवण आहे त्याला वाचून दाखवायचं, मोठ्यानं, सावकाश. आत्या डोळे मिटून ऐकत होती. शेवटच्या वाक्याला तिनं डोळे उघडले.

"राहायची नाही गं. राहिली. चारच महिने होतो तिथे. दिवाळी आपल्या जागेत केली."

१९६१ चं लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं. मी 'राहायची' खोडून 'राहिली' केलं आणि उजव्या रकान्यात लिहिलं: जुलै ते नोव्हेंबरची सुरुवात, १९६१.